फुटेज लुकलुकतं तेव्हा...

हा लेख म्हणजे एका चुकीची कबुली आहे. चूक माझीच.

आमच्या होस्टेलच्या मेसचे मामा 21 वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाले. पोरांनी ठरवलं, रात्रीचं जेवण झालं की मेसपासून गेटपर्यंत ढोल-ताशात मिरवणूक काढायची. शूटिंगचं काम माझ्याकडे आलं, कारण ड्रोन उडवता येणारा होस्टेलमध्ये मी एकटाच (आणि हे मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं!). रेक्टर सरांची परवानगी घेतली, गर्दीच्या डोक्यावरून न नेता मैदानाच्या कडेने ड्रोन उडवला, बॅटरी संपेपर्यंत शूट केलं. सेटिंग? सगळं ऑटो.

रात्री बारा वाजता पंधरा जण माझ्या रूममध्ये लॅपटॉपभोवती जमले. दहा सेकंदांत सगळे गप्प. मैदानावरच्या सोडियम दिव्यांच्या पिवळ्या उजेडात सगळं चित्र थरथरत होतं आणि त्यावरून काळसर आडवे पट्टे धावत होते. मामा पहाटेच्या एसटीने गावी जाणार होते. म्हणजे रीटेक नाही!

दुसऱ्या दिवशी ड्रोन बिघडला असं समजून मी तो इलेक्ट्रिकल लॅबमध्ये घेऊन गेलो. तिथल्या काकांनी फुटेज पाहिलं आणि विचारलं, "वर्कशॉपमध्ये एकाच ट्यूबखाली लेथ का चालवत नाहीत?" हे मी व्हायव्हात पाठ करून सांगितलं होतं: ट्यूब सेकंदाला 100 वेळा उजळते आणि मंदावते, त्यामुळे फिरणारा चक कधी कधी थांबल्यासारखा दिसतो. "मग तुझ्या कॅमेऱ्याला वेगळा नियम आहे का?" काका म्हणाले. तिथून माझा खरा अभ्यास सुरू झाला.

आपली वीज 50 हर्ट्झची. दर आवर्तनात प्रवाह दोनदा शिखरावर जातो, म्हणून साध्या चोकवरचे दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. उजेडाची एक टेकडी 10 मिलिसेकंदांची. डोळ्याला हे कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. माझ्या ड्रोनने शटर निवडलं होतं 1/60, म्हणजे सुमारे 16.7 मिलिसेकंद. तेवढ्या वेळात एक पूर्ण टेकडी आणि दुसरीचा दोन तृतीयांश भाग मिळतो. तो तुकडा कधी माथ्याचा, कधी पायथ्याचा. त्यात ड्रोनमधला सेन्सर संपूर्ण चित्र एका क्षणी वाचत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो. एका ओळीला जास्त उजेड, पुढच्या ओळींना कमी. झाले पट्टे तयार!

उपाय इतका सोपा की राग यावा. शटर 10 मिलिसेकंदांच्या पटीत ठेवायचं, 1/100 किंवा 1/50. मग प्रत्येक ओळीला पूर्ण टेकड्याच मिळतात, सुरुवात कुठूनही होवो. 1/60 चं शटर आणि 30 फ्रेम हा हिशेब 60 हर्ट्झच्या अमेरिकेत बरोबर बसतो. आपल्याकडे दूरदर्शन सेकंदाला 25 फ्रेमचं होतं, ते 50 हर्ट्झशी जुळणारं. म्हणून रात्री 25 फ्रेम आणि 1/50 शटर. मेनूत अँटी-फ्लिकर असेल तर तिथेही 50 हर्ट्झ निवडा. मंद केलेले स्टेजचे एलईडी दिवे मात्र वेगळ्याच वारंवारतेने उघडझाप करतात. तिथे आधी चाचणी घेऊन शटर थोडं मागेपुढे करून बघावं लागतं.

पण प्रत्येक लुकलुक दिव्यांची नसते. नंतर दिवसा उडवताना मला आणखी तीन दुखणी भेटली. औषध देण्याआधी लक्षण ओळखायला हवं.

पहिलं, पंख्यांची सावली. ड्रोनचं तोंड सूर्याकडे असलं की पाती सूर्य आणि लेन्स यांच्या मध्ये येतात आणि चित्रावर पट्टे पडतात. ओळखायची खूण म्हणजे ड्रोन वळवला की पट्टे गायब. मिनिटाला 6000 फेरे म्हणजे सेकंदाला 100. दोन पात्यांचा पंखा असेल तर सेकंदाला 200 सावल्या. भर उन्हात शटर 1/3200 वर गेलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक सावली ठसठशीत उमटते. तेच शटर 1/50 केलं तर एका फ्रेममध्ये चार सावल्या मिसळून जातात. पण मग चित्र पांढरंफटक पडतं, म्हणून लेन्सवर काळी काच, म्हणजे एनडी फिल्टर लावायचा. 3200 भागिले 50 बरोबर 64, म्हणून एनडी 64. तरीही पहिला उपाय फुकटचा आहे: सूर्य पाठीशी घ्या.

दुसरं, जेली. यात उजेड बदलत नाही, चित्रच लाटेसारखं हलतं, सरळ खांब नागमोडी दिसतात. पंख्याचा तोल गेलेला असतो किंवा पात्याला चीर पडलेली असते. सेन्सरला चित्र वाचायला 20 मिलिसेकंद लागत असतील आणि कंपन 100 हर्ट्झचं असेल, तर एका फ्रेममध्ये दोन लाटा दिसतील. म्हणजे लाटा मोजल्या की कंपनाचा अंदाज येतो! पाती बदला, तोल तपासा, कॅमेऱ्याखालचे रबर बघा. हे सॉफ्टवेअरचं काम नाही, मेकॅनिकलवाल्यांचं आहे.

तिसरं, ऑटो एक्स्पोजर. ड्रोन काळ्या डांबरावरून पांढऱ्या गच्चीवर गेला की चित्र हळूहळू उजळतं-मंदावतं. इथे पट्टे नसतात, सगळी फ्रेम एकदम बदलते. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक केले की संपलं.

आता मामांच्या फुटेजचं काय झालं ते सांगतो. आधी एफएफएमपेगमधला डीफ्लिकर फिल्टर लावला. तो पूर्ण फ्रेमचा उजेड शेजारच्या फ्रेमशी जुळवतो, त्यामुळे थरथर थोडी कमी झाली, पट्टे तसेच. मग वहीत हिशेब मांडला. 100 भागिले 30 म्हणजे तीन पूर्णांक एक तृतीयांश. म्हणजे दर फ्रेमला पट्टे एक तृतीयांश आवर्तन, 120 अंश सरकतात. 0, 120, 240... अरे, हे तर थ्री-फेज! आर, वाय, बी यांची बेरीज शून्य होते, तशीच लागोपाठच्या तीन फ्रेमची सरासरी घेतली तर पट्टे एकमेकांना खातील.

तसंच झालं. पट्टे जवळजवळ नाहीसे झाले. पण सरासरी हलणाऱ्या गोष्टींचीही झाली. नाचणाऱ्या प्रत्येकाला सहा हात, ढोलाच्या टिपऱ्यांची नुसती धूसर रेघ. मिरवणूक हातची गेली ती गेलीच.

एकच जागा वाचली. गेटपाशी ढोल थांबला तेव्हा मामा वळले, होस्टेलकडे बघत हात जोडून उभे राहिले. ड्रोनही तेव्हा एका जागी स्थिर होता. ते साधारण सहा सेकंद स्वच्छ निघाले, एकही पट्टा नाही. तेवढेच त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर पाठवले. दुसऱ्या दिवशी मामांचा फोन आला, "छान दिसतंय रे पोरा. बाकीचं कधी पाठवतोस?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून पुढच्या बॅचसाठी हे लिहून ठेवतोय:

1. जिथे शूट करायचं तिथे त्याच दिव्यांखाली आदल्या रात्री एक मिनिट चाचणी घ्या आणि ती मोठ्या स्क्रीनवर बघा. ड्रोनच्या छोट्या स्क्रीनवर पट्टे नीट दिसत नाहीत.
2. रात्री 25 फ्रेम, शटर 1/50. दिवसाही तेच, पण एनडी फिल्टरसह.
3. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक.
4. उडवण्याआधी प्रत्येक पात्यावरून बोट फिरवा (मोटर बंद असताना!).
5. दोष दिसला तर आधी विचारा: उजेड बदलतोय की आकार? ड्रोन वळवल्यावर जातोय का? उत्तरातच कारण सापडतं.

सॉफ्टवेअर पट्टे पुसतं, पण कॅमेऱ्याने न टिपलेलं परत आणत नाही. चाचणीला एक मिनिट लागतं. माझ्याकडे ते होतं, मी दिलं नाही.

येत्या सुट्टीत मामांच्या गावी जाणार आहे. ड्रोन घेऊन. सेटिंग वहीत लिहून ठेवलंय.