'सी यू लेटर' म्हटलं म्हणून थांबायचं नसतं

अगं, मॅडम 'सी यू लेटर' म्हणून गेल्या आणि तू लोअर परळच्या त्या ऑफिसात साडेसातपर्यंत बसून राहिलीस, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. तू बावळट नाहीस गं. शाळेत आपण काळ शिकलो, निबंध पाठ केले. पण निघताना माणसं काय बोलतात ते कुणी शिकवलंच नाही. आपले आजोबा ज्या गिरण्यांत होते, तिथे १९८२ च्या संपाआधी भोंगा झाला की पाळी सुटायची. आता त्याच जमिनींवर काचेची ऑफिसं आहेत आणि सुटी झाली की नाही ते बोलण्यावरून ओळखावं लागतं.

तर 'सी यू लेटर' म्हणजे 'चल, भेटू'. आज, उद्या, कधी, काही ठरलेलं नसतं. तूही 'सी यू' म्हण आणि पर्स उचल. 'टेक केअर' ऐकून आपली तब्येत उतरलेली दिसते की काय, अशी शंका घेऊ नकोस. 'यू टू' म्हटलं की झालं. आणि 'गुड नाइट' फक्त निरोप घेताना. रात्री आठला कुणी भेटलं तरी 'गुड इव्हनिंग'च म्हणायचं. ही गफलत आपल्याकडे शिकलेली माणसंही करतात.

खरी जपायची जागा वेगळी आहे. 'लेट्स कॅच अप समटाइम' किंवा मुलाखतीनंतरचं 'वी विल गेट बॅक टू यू' ऐकून मुली दिवसचे दिवस फोनकडे बघत बसतात, त्याचा मला त्रास होतो. अशा वेळी एकच बघ, दिवस सांगितलाय का? 'शुक्रवारी चारला' असेल तर तो शब्द. नसेल तर ते गोड बोलणं, खोटं नव्हे, पण त्यावर दुसरी नोकरी सोडायची नाही. मुलाखतीतून उठतानाच सरळ विचार, 'बाय व्हेन कॅन आय एक्स्पेक्ट टू हिअर?' यात उद्धटपणा काही नाही.

आणि हे तुला नवं नाहीच. आई उंबऱ्यावर 'जाते' म्हणू देते का? शेजारच्या काकूंकडूनही 'येते' म्हणूनच निघतेस, पण म्हणून त्या काही तुझं ताट वाढून ठेवत नाहीत. दादरच्या बाजारात ओळखीचं कुणी 'या हं कधीतरी घरी' म्हणालं तर आपण हसून पुढे जातो. 'रविवारी जेवायलाच या' म्हणालं, तर जातो. गिरगाव चौपाटीवर बाप्पाला घातलेली 'पुढच्या वर्षी लवकर या' ही साद मात्र शब्दशः खरी, कारण तिची तिथी ठरलेली आहे, भाद्रपद शुद्ध चतुर्थी. अधिक महिना मध्ये आला तर थोडा उशीर, एवढंच. इंग्रजांचं 'गुडबाय'सुद्धा मुळात 'देव तुझ्याबरोबर असो' असंच होतं, बोलता बोलता आखडलं. तेव्हा या शब्दांना कोरडं समजू नकोस. माया त्यांतही असते, वेळापत्रक नसतं.

उद्या मॅडम पुन्हा तसं म्हणाल्या आणि काम अर्धवट असेल, तर मनात कुढत बसू नकोस. 'शुड आय वेट, ऑर टुमॉरो मॉर्निंग?' एवढं विचार. आणि सहा चाळीसची लोकल गाठ, आई जेवायची थांबते.