झेड की टी?

प्रश्न : मी बी.कॉम.ला आहे. सरासरीच्या गृहीतक चाचणीची सूत्रं पाठ आहेत. पण झेड लावायची की टी, एकपुच्छ की द्विपुच्छ, इथेच गाडं अडतं. सराव कसा करू?
– एक विद्यार्थिनी, मानवत

उत्तर : सूत्र बाजूला ठेवा, आधी प्रश्न कोण विचारतंय ते पाहा. तुमच्या भागातलंच उदाहरण घेऊ. कापसाची गाठ प्रमाणित 170 किलोची. समजा, जिनिंगमधल्या 16 गाठी तोलल्या, सरासरी 168.5, नमुन्याचं प्रमाण विचलन 3 किलो. समष्टीचं विचलन माहीत नाही आणि नमुना लहान, म्हणून टी. (ही चाचणी 1908 साली गिनेस या मद्यकंपनीतल्या गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने मांडली. लहान नमुने ही त्यांची रोजचीच अडचण होती.) 3 भागिले 4 (16 चं वर्गमूळ) म्हणजे 0.75, फरक 168.5 वजा 170 म्हणजे उणे 1.5, त्याला भागिले 0.75, टी आला उणे 2.

आता गंमत बघा. प्रेसवाला विचारतो, ‘यंत्र 170 वर नीट लागलंय ना?’ वजन कमी-जास्त दोन्ही चालत नाही, म्हणून द्विपुच्छ. 15 स्वातंत्र्यमात्रांना 5 टक्के पातळीवर सीमा 2.131, शून्य गृहीतक टिकतं. खरेदीदाराला फक्त ‘गाठी हलक्या आहेत का’ एवढंच हवंय. म्हणून एकपुच्छ. त्याची सीमा 1.753, गृहीतक फेटाळलं जातं! आकडे तेच. म्हणून पुच्छ आकडे पाहण्याआधी ठरवायचं, नंतर ठरवणं ही लबाडी. आणि ‘टिकतं’ म्हणजे 170 सिद्ध झालं असं उत्तरपत्रिकेत लिहू नका. पुरावा अपुरा, एवढंच लिहा. सरावाला प्रत्येक गणित असं दोघांच्या बाजूने सोडवा.