किनवटच्या काळ्या कातळाचे वय

किनवट परिसरातील काळा कातळ हा दख्खनच्या लाव्हाथरांचा भाग होय. तप्त रसापासून बनलेल्या या खडकात जीवाश्म राहत नाहीत. मग त्याचा काळ ठरवावा कसा? पैनगंगेचे पाणी वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांच्यामार्गे ज्या राजमहेंद्रीजवळून समुद्राकडे जाते, तेथे याचे एक उत्तर मिळाले आहे.

तेथे दोन लाव्हाथरांच्या मधोमध सागरी गाळाचा खडक आहे. त्यात फोरामिनिफेरा या एकपेशीय जीवांची, वाळूच्या कणाहूनही लहान अशी चुनामय कवचे आढळतात. समुद्रावर तरंगणाऱ्या या जीवांच्या जाती दूरवर पसरतात व भूशास्त्रीय दृष्ट्या अल्पावधीत लोप पावतात. म्हणून त्या कालनिर्णयास उपयोगी पडतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉरांबरोबरच, मोठ्या नक्षीदार जाती नष्ट झाल्या आणि चिमुकल्या, साध्या जाती उदयास आल्या. या नव्या जाती राजमहेंद्रीच्या गाळात असल्याचे गेर्टा केलर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले. अर्थात, खालचा लाव्हा त्या गाळाच्या आधीचा व वरचा नंतरचा ठरला. किरणोत्सारी मापनाने मिळालेली वर्षे या क्रमाशी पडताळता येतात.

किनवटकडे विहीर वा खाण खोदताना कातळांमध्ये मऊ गाळथर लागल्यास त्यात गोड्या पाण्यातील शंखशिंपले किंवा वनस्पतींचे अवशेष असू शकतात. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी अशा थराचे स्थान व खोली नोंदवून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणास कळवावे. एकदा रस्त्यावर मुरूम म्हणून पसरलेला पुरावा पुन्हा गोळा करता येत नाही.