चटका बसला की आधी नळ

बाळा, स्वतंत्र खोली घेतलीस, कढई-तवा आणलास, आता अधूनमधून चटके बसणारच. स्वयंपाकघर कुणालाच फुकट शिकवत नाही. लाडवांच्या डब्यासोबत हा कागद ठेवलाय. लाडू संपतील, कागद तेवढा फ्रिजला चिकटव.

१. चटका बसला की आधी गॅस बंद कर, मग नळ गाठ — पहिल्या चटक्याच्या गडबडीतच दुसरा बसतो.

२. बारीक धारेखाली हात पूर्ण २० मिनिटं धर, घड्याळ बघून — वरून गार लागलं तरी आत मुरलेली धग कातडी भाजतच असते. आमचं म्हणणं एकच: आधी नळ, मग हळहळ.

३. उन्हाळ्यात दुपारी टाकीचं पाणी कढत येतं, तेव्हा बादलीतलं किंवा माठातलं तांब्या-तांब्याने ओत — पाणी साधं गार असलं की पुरे.

४. लगेच जमलं नाही म्हणून पाणी सोडून देऊ नकोस — भाजल्यापासून तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो.

५. बर्फ मात्र फ्रीजरमध्येच राहू दे — आधीच दुखावलेली कातडी त्या गारठ्याने आणखी दुखावते.

६. अंगठी, कडं, घड्याळ लगेच काढ — तासाभराने बोट सुजलं की अंगठी कापावी लागते. कपडा कातडीला चिकटला असेल, तर तो मात्र ओढू नकोस.

७. टूथपेस्ट, तूप, हळद, शाई यांतलं काहीही थापायचं नाही, शेजारच्या काकू वाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या तरी — धग आत कोंडते, आणि डॉक्टरांना जखम बघायला तो लेप आधी खरवडावा लागतो. पेस्ट दाताला, पाणी हाताला!

८. फुंकर घालायचा मोह होतो, पण आवर — तोंडाची फुंकर, जंतूंना भाकर.

९. फोड आला तर टाचणी शोधू नकोस — फोडावरची कातडी हीच फुकटची मलमपट्टी. फोड फोडला, ताप जोडला.

१०. झाकायला क्लिंग फिल्मचा तुकडा नुसता वर ठेव, गुंडाळू नकोस. नसेल तर स्वच्छ सुती कापड सैलसर बांध — घट्ट बांधलेलं सूज आली की काचतं. कापूस नको, त्याचे तंतू जखमेला चिकटतात.

११. मिरच्या चिरून हाताची आग झाली, तर तिथे उलटा न्याय: आधी तेल चोळ, मग साबणाने धू — मिरचीतला झोंबणारा अंश पाण्याला दाद देत नाही, तेलात विरघळतो. तोवर डोळे चोळायचे नाहीत, हे कळतं तुला, तरी सांगते.

१२. कुकरची वाफ पूर्ण जिरल्यावरच झाकण काढ, आणि तोंड बाजूला ठेव — कातडीवर वाफेचं पाणी होताना ती आपली सगळी उष्णता तिथेच सोडते, म्हणून वाफेचा चटका खोल जातो.

१३. ओल्या फडक्याने गरम पातेलं उचलू नकोस, सांडशी घे — ओल्या कापडातून चटका झटकन हाताशी पोचतो. कढईचा दांडाही ओट्याबाहेर डोकावू देऊ नकोस, येता-जाता धक्का लागतो.

१४. भाजलेली जागा स्वतःच्या तळहाताएवढी किंवा मोठी असेल, चेहऱ्यावर, बोटांवर, सांध्यावर असेल, विजेने भाजलं असेल, किंवा लहान मूल, म्हातारं माणूस, मधुमेही असेल, तर पाणी झाल्यावर थेट डॉक्टर. फारच मोठं असेल तर १०८ — ही घरी निस्तरायची कामं नव्हेत.

१५. कातडी पांढरी किंवा काळी पडली आणि दुखतच नाही, तर ‘वाचलो’ म्हणू नकोस, दवाखाना गाठ — खोल भाजलं की नसाच जळतात, मग दुखणार कुठून?

१६. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, ती तारीख या कागदाच्या मागे आजच लिही — डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात, आणि तू नेहमीसारखा मला फोन लावतोस.