मुळात मोडलेला दात ओढून काढू नका



पोरगं सायकलवरून पडतं, इंजिनाचं हँडल तोंडावर बसतं आणि पुढचा दात हलू लागतो. वरून दात अखंड दिसला तरी हिरडीच्या आत मूळ मोडलेलं असू शकतं. कायमचा दात पुन्हा येत नाही. म्हणून हलतो म्हणून घरी ओढू नये.

१) त्याच दिवशी दंतवैद्याकडे जावे. वेगवेगळ्या कोनांतून एक्स-रे काढले म्हणजे मूळ कुठे मोडले ते कळते.

२) सरकलेला तुकडा जागेवर बसवून शेजारच्या दातांना बारीक तारेने ४ आठवडे बांधतात. हिरडीजवळ मोडला असेल, तर ४ महिन्यांपर्यंत.

३) आठवडाभर मऊ भात, खिचडी खावी. दाताने ऊस सोलणे बंद! मऊ ब्रशने दात स्वच्छ ठेवावेत.

४) नस काढण्याची घाई नको. पुष्कळदा ती जिवंत राहते, मूळही सांधते. नस मेलीच, तर बहुधा मोडलेल्या जागेपर्यंतच रूट कॅनाल करतात.

तार निघाली म्हणजे काम संपले नाही. वर्षभर सांगितलेल्या तारखांना, पुढे ५ वर्षांपर्यंत दरसाल दात दाखवावा. मध्येच हिरडी सुजली, फोड आला, तर लगेच जावे.