थंडीतल्या लांब रात्री

'रात्र थोडी, सोंगे फार' ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकली आहे. सोंगे म्हणजे देवांची, राक्षसांची, राजांची रूपे घेऊन रात्रभर चालणारा खेळ. पहाट व्हायला आली आणि सोंगे अजून बाकी असली, की खेळ करणाऱ्यांची तारांबळ उडते. काम पुष्कळ आणि वेळ कमी असला म्हणजे आपण ही म्हण वापरतो.

पावसाळ्यात आपली गत अशीच असते. लावणी झाली की बेणणी. गौरी-गणपती झाले की कापणी, मग झोडणी. कोळीवाड्यात जून-जुलैत मासेमारी बंद असते, पण तेव्हाही जाळी सांधायची असतात, होडीची डागडुजी असते. एकदा होड्या समुद्रात गेल्या, की मग रात्र नाही की दिवस नाही. या धबडग्यात किती गोष्टी राहून जातात! कुणाचे नाटक पाहायचे राहते. कुणाचा सामना चुकतो. कुणी हौसेने आणलेले पुस्तक फळीवर धूळ खात पडते.

मग कार्तिक सरतो. भात घरात येते. पेंढ्याचे उडवे रचून होतात. वाल पेरून होतात. राहून गेलेले पुरे करायचा हा काळ. त्याचा हिशेब आज आपण करू.

१. रात्र किती मोठी?

आगरदांड्याला जूनच्या अखेरीस रात्र पावणेअकरा तासांच्या आसपास असते. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला ती सुमारे तेरा तासांची होते. म्हणजे दोन तासांहून जास्त फरक.

असे का होते? पृथ्वी सूर्याभोवती फिरताना एका बाजूला कललेली असते. डिसेंबरात आपली उत्तरेकडची बाजू सूर्यापासून दूर कलते. म्हणून सूर्य दक्षिणेकडून, आकाशात खालून जातो आणि लवकर मावळतो. समुद्रात सूर्य बुडताना जूनमध्ये खूण करून ठेवा. डिसेंबरात तो पुष्कळ डावीकडे बुडताना दिसेल.

तर हे दोन तास आपल्याला फुकट मिळाले. ते सगळे पुस्तकाला द्या, असे मी म्हणत नाही. खेळ बघा, नाटक बघा, गप्पा मारा. पण त्यातला अर्धा तास वाचनासाठी बाजूला काढा. तो का, ते पुढे वाचा.

२. अक्षरे पुसली जातात

आमच्या रात्रीच्या वर्गात एक मावशी शिकल्या. बाराखडी झाली, जोडाक्षरे झाली, सही आली. परीक्षेत त्या पास झाल्या. वर्ग संपला आणि वाचनही संपले. तीन वर्षांनी मुंबईहून मुलाने मोबाईलवर निरोप पाठवला. मावशींना तो वाचता येईना. अक्षरे ओळखीची वाटत, पण जुळत नसत. शेवटी शेजारच्या पोराकडून त्यांनी तो वाचून घेतला. निरोप घरचा होता, कर्जाचा होता. संध्याकाळपर्यंत तो साऱ्या आळीला ठाऊक झाला.

मावशी मला म्हणाल्या, "गुरुजी, पैसं गेलं आसतं तं चाललं आसतं. लेकाची गोष्ट लोकांच्या तोंडी गेली."

वाचता येणे म्हणजे घरची गोष्ट घरात ठेवता येणे. हे बळ सरावाने टिकते. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. पुढे ती राज्यभर गेली. गावेच्या गावे शिकली, मोठे समारंभ झाले. पण पुढे जिथे वाचायला काही मिळाले नाही, तिथे शिकलेली माणसे शिकलेले विसरू लागली. वापर नसला की विळ्याला गंज चढतो. अक्षरांचेही तसेच.

मावशींनी त्याच थंडीत पुन्हा पुस्तक हाती घेतले. आजही त्या हळू वाचतात. पण मुलाचा निरोप आता दुसऱ्याच्या हाती जात नाही.

३. मैदानावरचे वाचन

आपल्या रायगड जिल्ह्यात थंडी पडली की कबड्डीचे सामने रंगतात. रात्री दिवे लावून सामने होतात. लहानथोर, बायाबापड्या कडेने दाटीने उभ्या राहतात.

हा खेळ जुना. आपण त्याला हुतुतू म्हणत असू. नियम गावोगाव निराळे होते. १९२३ च्या सुमारास ते एका सूत्रात आणले गेले आणि बडोद्याला स्पर्धा झाल्या. १९३६ साली जर्मनीतल्या बर्लिन शहरात ऑलिंपिक भरले, तेव्हा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे हा खेळ करून दाखवला. १९९० साली चीनमधल्या बीजिंग शहरातील आशियाई स्पर्धेत कबड्डी आली आणि भारताने सुवर्णपदक जिंकले. २०१० साली बायकांची कबड्डीही त्या स्पर्धेत आली. तेही सुवर्णपदक भारताच्या मुलींनी आणले.

यात वाचनाचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. पाहा. मैदानात एका बाजूला सात खेळाडू असतात. चढाई करणाऱ्याला तीस सेकंद मिळतात. समोरचा सगळा संघ बाद झाला की 'लोण' पडते आणि दोन गुण जास्त मिळतात. हे सगळे कुणीतरी लिहीत असते. त्याला गुणलेखक म्हणतात. भांडण झाले की सगळे त्याच्या कागदाकडे धावतात. त्या कागदापुढे दांडगाई चालत नाही.

या थंडीत तुम्ही सामना बघायला जाल, तेव्हा वही-पेन्सिल बरोबर घ्या. दोन रकाने पाडा. दोन्ही संघांची नावे वर लिहा. गुण लिहीत जा. शेवटी आपला आकडा फलकावरच्या आकड्याशी ताडून पाहा. पहिल्या दिवशी चुकेल. चौथ्या दिवशी जुळेल.

४. नाटकाची नक्कल

थंडी हा जत्रांचाही काळ. मार्गशीर्षात दत्तजयंतीला चौलच्या दत्ताच्या डोंगरावर जत्रा भरते. खाली सिंधुदुर्गात कार्तिकी पौर्णिमेनंतर गावोगाव जत्रा लागतात आणि दशावताराचे खेळ रात्रभर चालतात.

मराठी नाटकाचा आरंभही थंडीच्या तोंडावरच झाला. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीला विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' नाटक केले. म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन मानतात.

गावच्या हौशी नाटकात प्रत्येक नटाला त्याच्या पात्राचे बोलणे कागदावर उतरून देतात. त्याला 'नक्कल' म्हणतात. पूर्वी पुष्कळ नटांना वाचता येत नसे. दुसरा वाची आणि हे ऐकून पाठ करीत. मोठ्या कष्टाने करीत. तुम्हाला आता वाचता येते. मग नक्कल स्वतःची स्वतः वाचा.

नाटकात काम करायचे नसले, तरी एक गंमत करून पाहा. नाटकाचे एखादे सोपे पुस्तक आणा. घरातली चार माणसे बसा. एकाने राजा व्हावे, एकीने राणी. आजीने हवालदार झाले तरी चालेल. आपापले वाक्य आले की मोठ्याने वाचायचे. आपल्या आधीचे वाक्य कुठे संपते, इकडे डोळा ठेवावाच लागतो. असे चार रात्री केलेत, तर वाचनाचा वेग तुमचा तुम्हालाच कळेल.

५. बेचाळीस रात्रींचे पुस्तक

थंडीत वाचावे असे एक पुस्तक सांगतो. साने गुरुजींचे 'श्यामची आई'. गुरुजी कोकणातले. दापोली तालुक्यातल्या पालगडला १८९९ साली त्यांचा जन्म झाला. खाडी ओलांडून दिघीला उतरले, श्रीवर्धनकडून खाली गेले आणि बाणकोटची खाडी पार केली, की पलीकडे तो मुलूख लागतो. पुस्तकातली माणसे, त्यांची गरिबी, पाऊस, नदी हे सगळे आपल्या ओळखीचे आहे.

स्वातंत्र्याच्या लढ्यात गुरुजी तुरुंगात गेले. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी हे पुस्तक अवघ्या पाच दिवसांत लिहिले. १९३५ साली ते छापून निघाले. यात श्याम रोज रात्री आपल्या आईची एक आठवण सांगतो आणि सोबती ऐकतात. पुस्तकात अशा बेचाळीस रात्री आहेत.

आता हिशेब करा. १ डिसेंबरला पहिली रात्र वाचली आणि रोज एक वाचत गेलो, तर ११ जानेवारीला पुस्तक संपते. मध्ये दोन रात्री बुडाल्या तरी संक्रांतीच्या आत ते पुरे होते. तिळगूळ वाटताना तुम्ही म्हणू शकाल, "मी एक आखखे पुस्तक वाचले!"

याच पुस्तकावर आचार्य अत्रे यांनी १९५३ साली चित्रपट काढला. देशातला उत्तम चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. आधी पुस्तक वाचा, मग चित्रपट पाहा. पुस्तकातले काय चित्रपटात आले आणि काय गळले, ते घरात बोला. नुसता चित्रपट पाहणाऱ्याला हे बोलणे जमणार नाही.

६. वेळ कसा काढावा?

"दिवसभर हाडं मोडून आल्यावर डोळे कुठे उघडे राहतात, गुरुजी?" असे पुष्कळ जण म्हणतात. खरे आहे. म्हणून ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे वेळ बसवावा.

डोलीवर जाणाऱ्याने भांगाचे दिवस धरावेत. अष्टमीच्या आसपास पाण्याला ओढ नसते, डोल टाकून उपयोग नसतो. त्या दिवसांत वाचावे. उधाणाच्या दिवसांत नाही जमले, तर वाईट वाटून घेऊ नये.

शेतकऱ्याने जेवणाआधीचा अर्धा तास धरावा. जेवण झाले की झोप येते.

बायकांना घरात अर्धा तास सलग मिळत नाही. घरच्या पुरुषांनी आणि मुलांनी तो त्यांना काढून द्यावा. आईने वाचायला घेतले, तर भांडी पोरांनी घासावीत. त्यांचे हात झिजत नाहीत.

आणि पोपटी लागली, तेव्हा तर वाचायचेच! मडक्यात वालाच्या शेंगा भरल्या, भांबुर्ड्याचा पाला घातला, मडके उपडे करून भोवती जाळ केला, की शिजेपर्यंत अर्धा तास सगळे शेकत बसतात. एकाने जाळाच्या उजेडात किंवा विजेरीवर एक गोष्ट मोठ्याने वाचावी. गोष्ट संपेल, पोपटीही होईल.

मोबाईलचे काय? तो वाईट नाही. राहून गेलेला खेळ त्यावर पाहता येतो. पण एक खेळ संपला की दुसरा आपोआप लागतो आणि बारा कधी वाजले ते कळत नाही. म्हणून आधी वाचन, मग मोबाईल. आणि कुणाला निरोप धाडायचा असेल, तर नुसता बोलून धाडू नका. मराठीत लिहून धाडा. दोन ओळी का होईना.

७. अक्षरे दिसत नाहीत?

चाळिशी उलटलेल्या वाचकांनो, हे नीट वाचा. पुस्तक जवळ धरल्यावर अक्षरे फिकट दिसतात आणि हात लांब केल्यावर नीट दिसतात, असे होते का? मग तुम्ही विसरला नाहीत. तुम्हाला चाळिशी लागली आहे. डोळ्यांतले भिंग वयाबरोबर ताठर होते, म्हणून जवळचे दिसत नाही. सरकारी दवाखान्यात डोळे तपासून चष्मा लावा. कितीतरी माणसे "आता डोक्यात शिरत नाही" म्हणून पुस्तक मिटतात. त्यांना फक्त चष्मा हवा असतो.

८. पुस्तके कुठून आणावीत?

आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना सरकार अनुदान देते. जवळच्या ग्रंथालयात जाऊन सभासद व्हा. "मी नवा वाचक आहे, मोठ्या अक्षरांचे पुस्तक द्या," असे सांगायला लाजू नका.

ग्रंथालय लांब असेल, तर साताऱ्याकडच्या भिलार गावाचे उदाहरण घ्या. महाबळेश्वर-पाचगणीजवळचे हे गाव स्ट्रॉबेरी पिकवते. ४ मे २०१७ रोजी ते 'पुस्तकांचे गाव' झाले. तिथे लोकांच्या घरांत, पडव्यांत पुस्तके ठेवली आहेत. कुणीही यावे, बसावे, वाचावे. आपल्याला इतके मोठे करायला नको. एका आळीने एक पेटी करावी. दहा घरांनी दोन-दोन पुस्तके घालावीत. वीस पुस्तके झाली! कुणी कोणते नेले, ते वहीत लिहावे. ती वही नव्या वाचकाने सांभाळावी.

अभ्यास

१. डिसेंबरात रात्र मोठी का होते, ते घरातल्या मुलाला समजावून सांगा.

२. मावशींना मुलाचा निरोप का वाचता आला नाही? त्यांना जास्त दुःख कशाचे झाले?

३. गुणलेखक काय करतो? पुढच्या सामन्याचे गुण वहीत लिहून आणा.

४. तुमच्या कामाप्रमाणे वाचनाची वेळ कोणती, ते एका वाक्यात लिहा आणि तो कागद चुलीजवळच्या भिंतीला चिकटवा.

५. या थंडीत एका माणसाला एक पत्र स्वतःच्या हाताने लिहा. चुका झाल्या तरी पाठवा.