आधी वजन सांगा

प्रश्न : आमची मांजर मनी दोन दिवस काही खाईना, म्हणून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी संगणकात औषध लिहिलं आणि पडद्यावर लाल पट्टी झळकली. पाहतो तर बाहेर नाव नोंदवताना वजन ४.२ किलोऐवजी ४२ पडलं होतं! डॉक्टर हसून म्हणाले, "हे एआय माझ्यावर नजर ठेवतं." काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं की, औषधं कधी मागवायची तेही आता तेच सांगतं. प्राण्यांच्या दवाखान्यात हे यंत्र नेमकं करतं काय? आणि तेच चुकलं तर?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मनी थोडक्यात वाचली, पण श्रेय एआयला द्यायची घाई नको. ४२ किलोची मांजर नसते हे कळायला बुद्धी लागत नाही, कृत्रिमही नाही. कुणीतरी एकदा नियम लिहून ठेवलेला असतो : प्राणी मांजर आणि वजन अमुक किलोच्या वर, तर लाल पट्टी. असे नियम संगणकात कैक वर्षांपासून आहेत. हल्ली त्यांच्यावर एआयचं लेबल चिकटवून विकतात, एवढंच. पण हे साधे नियम प्राण्यांच्या दवाखान्यात जितके उपयोगी पडतात, तितके क्वचितच दुसरीकडे पडत असतील.

त्याचं कारण औषधाच्या कपाटात आहे. माणसांच्या दवाखान्यात पेशंट एकाच जातीचा. इथे सकाळी शंभर ग्रॅमचा पोपट येतो, दुपारी पन्नास किलोचा ग्रेट डेन, आणि गावाकडचा दवाखाना असेल तर पाचशे किलोची म्हैस. कपाट मात्र एकच. त्यातही कुत्र्यामांजरांना दिली जाणारी बरीचशी औषधं माणसांचीच, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेली. म्हणून माणसांच्या हॉस्पिटलसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर नाव बदलून इथे बसवलं, तर ते मांजरीला लहानसा माणूस समजतं. आपण ताप आला की सहज घेतो ती पॅरासिटामॉल मांजरीच्या यकृताला पचवता येत नाही. तिच्या रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडतं, ते प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात आणि एका गोळीत जीव जाऊ शकतो. कोली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांमध्ये एक जनुक बिघडलेलं असतं. त्यामुळे आयव्हरमेक्टिन जास्त मात्रेत दिलं, तर ते थेट मेंदूत शिरतं. हे जनुक सापडलं २००१ मध्ये. तोवर 'कोलीला जपून' एवढंच डॉक्टर एकमेकांना सांगत. माणसांच्या काही पातळ औषधांत गोडीसाठी झायलिटॉल घालतात. ते कुत्र्याच्या पोटात गेलं की रक्तातली साखर धाडकन उतरते. इथे औषध बरोबर असतं, मात्रा बरोबर असते, घात करतो तो गोडवा. अशा ठिकाणी लाल पट्टी लावणं हे यंत्राचं सर्वांत मोलाचं काम, आणि त्यासाठी लागते ती फक्त नीट भरलेली यादी.

यादी नीट भरली तरी वजन चुकलं की सगळं मुसळ केरात. मांजर काट्यावर ठेवता येते, गाय कुठे ठेवणार? गोठ्यात टेप लावून छातीचा घेर इंचांत मोजायचा, त्याला त्यानंच गुणायचं, मग अंगाच्या लांबीनं गुणून ६६० नं भागायचं. वजन किलोत येतं. घेर ७० आणि लांबी ६० इंच असेल तर सुमारे ४४५ किलो. टेप एका इंचानं सैल धरली की तेरा किलो वाढले. फोटोवरून जनावराचं वजन काढायला यंत्राला शिकवण्याचे प्रयोग चालू आहेत, आणि मला विचाराल तर एआयची खरी गरज तिथे आहे. अंदाजे लिहिलेल्या वजनावर यंत्र दशांशापर्यंत मात्रा काढून देतं, तेव्हा त्या दशांशाचा रुबाब पाहून हसू येतं.

आता काउंटरवरच्या मुलीनं सांगितलेली गोष्ट. मागणीचा अंदाज हे खरंखुरं शिकण्याचं काम आहे. पावसाळ्यात गोचीड वाढतात, दिवाळीत फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांसाठी विचारणा होते, पिल्लं आली की लशी लागतात. चार-पाच वर्षांच्या बिलांवरून यंत्र हे ओळखतं आणि पुढच्या महिन्यात काय किती लागेल ते सांगतं. कुठल्या बॅचची एक्सपायरी आधी येते ते पाहून तीच आधी वापरायला लावतं. लहान दवाखान्याचा बराच पैसा कपाटात अडकलेला असतो, त्यामुळे हा फायदा छोटा नाही. जुने कंपाउंडर हेच काम डोक्यात करायचे. फरक एवढाच, की कंपाउंडर रजेवर गेला की त्याचं डोकंही रजेवर जाई.

मात्र मागच्यावरून पुढचं ओळखायचं तर पुढचं मागच्यासारखं असावं लागतं. २०२२ च्या पावसाळ्यात गुरांचा लम्पी रोग राज्यभर पसरला आणि शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचण्यासाठी धावाधाव झाली. आधीच्या वर्षांच्या बिलांवरून ती मागणी कुणालाच काढता आली नसती.

यंत्राच्या आणखी एका उपयोगाबद्दल फारसं बोललं जात नाही. भुलीसाठी वापरलं जाणारं केटामाइन नशेसाठीही पळवलं जातं. म्हणून २०१३ च्या अखेरीस ते औषध नियमांच्या शेड्यूल एक्समध्ये गेलं. कुलपात ठेवायचं, प्रत्येक मिलिलिटरचा हिशेब लिहायचा. रजिस्टरवर जुळणारा हिशेब खरा असेलच असं नाही. ठरावीक वारी, ठरावीक पाळीत, त्याच वजनाच्या कुत्र्यांना जरा जास्तच भूल लागते आहे, हे माणसाच्या नजरेतून सुटतं, यंत्राच्या सुटत नाही.

आणि ते चुकलं तर? दोन चुका वेगळ्या करायला हव्यात. पहिली चूक लाल पट्ट्यांच्या गर्दीची. प्रत्येक औषधाला पट्टी आली की डॉक्टरांचं बोट आपोआप 'पुढे चला' दाबायला शिकतं आणि खरी पट्टीही त्यातच निघून जाते. मनीच्या डॉक्टरांनी थांबून वाचलं, ते कौतुकाचं.

दुसरी चूक गप्पा मारणाऱ्या नव्या एआयची. ते जुनी-नवी पुस्तकं सारख्याच भक्तीनं वाचून बसलेलं असतं. गुरांची सूज उतरवायला आपल्याकडे डायक्लोफिनॅक सर्रास वापरत. मेलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. हे कारण २००४ मध्ये पाकिस्तानातल्या संशोधनातून पुढे आलं, तोवर भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळपास संपली होती. २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली. लोक एसिक्लोफिनॅककडे वळले, पण गुरांच्या शरीरात त्याचं डायक्लोफिनॅकच होतं. २०२३ मध्ये तेही बंद झालं, सोबत किटोप्रोफेनही. आता विचार करा : २०२३ पूर्वीच्या पुस्तकांत ही दोन्ही औषधं गुरांसाठी निर्धास्तपणे छापलेली आहेत. यंत्रानं तीच सुचवली, तर ते खोटं बोलत नाही, शिळं बोलतं. आणि गाय बरी होते, डॉक्टर खूश, शेतकरी खूश. तक्रार करायला गिधाड दवाखान्यात येत नाही. म्हणून सॉफ्टवेअर घेताना डॉक्टरांनी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा असं मी सुचवतो : बंदीची अधिसूचना निघाल्यावर तुमच्या यादीत ती किती दिवसांत चढते?

प्रश्न : गाईला दगडी (स्तनदाह) झाली होती, सडात प्रतिजैविकाच्या ट्यूबा सोडल्या. आता डेअरीला दूध कधीपासून घालायचं याबद्दल तिघांनी तीन आकडे सांगितले. हे मोबाइलवर कळायची काही सोय होऊ शकते का?
— एक दूध उत्पादक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : होऊ शकते, आणि मला ती मनीच्या लाल पट्टीपेक्षाही महत्त्वाची वाटते. आकडा आधी ट्यूबच्या खोक्यावर शोधा. दुधाळ जनावराच्या औषधावर, ते दिल्यावर किती काळ दूध विकायचं नाही, हे छापणं २०१२ पासून बंधनकारक आहे. छापलेलं नसेल तर नियमानं दुधासाठी किमान सात दिवस आणि मांसासाठी अठ्ठावीस दिवस धरायचे. 'तीन दिवस पुरे' म्हणणारा शेजारी कदाचित दुसऱ्या ट्यूबबद्दल बोलत असेल.

तुमच्या गाईच्या कानातल्या बिल्ल्यावर बारा आकडी क्रमांक असतो. दवाखान्यात औषध दिल्याची नोंद त्या क्रमांकावर पडली, तर 'अमुक तारखेच्या सकाळपासून दूध घाला' असा संदेश फोनवर पाठवणं संगणकाला अवघड नाही. अवघड आहे ते पुढचं. डॉक्टरांनी लेबलपेक्षा जास्त मात्रा दिली किंवा दोन औषधं मिळून दिली, तर छापलेला आकडा उपयोगाचा राहत नाही. अमेरिकेत अशा वेळी किती दिवस थांबायचं हे सांगण्यासाठी १९८२ पासून एक सार्वजनिक माहितीकोश चालवला जातो. डॉक्टर फोन करतात, तिथले औषधतज्ज्ञ हिशेब करून देतात. आपल्याकडच्या पशुवैद्यक महाविद्यालयांनी असं काही उभं केलं, तर त्यावर एआय बसवायला अर्थ आहे. पायाच नसेल तर यंत्र तो चौथा आकडा सांगणारा शेजारी होईल.

घाई करून दूध घातलंत तर चुगली विरजण करतं. प्रतिजैविकाचा अंश असलेल्या दुधात विरजणातले जिवाणूच मरतात आणि दही लागत नाही.

प्रश्न : कुत्रं लंगडतंय. दवाखाना संध्याकाळी उघडतो. घरात माझी मेलॉक्सिकॅमची गोळी आहे. एआयला विचारून अर्धी देऊ का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नको. समजा कुत्रं चार किलोचं आहे, तर त्याला हे औषध पहिल्या दिवशी पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास लागतं, नंतर त्याच्याही निम्मं. तुमची गोळी साडेसात किंवा पंधरा मिलिग्रॅमची. साडेसातची अर्धी केलीत तरी चार-पाचपट झाली, आणि जास्त झालेल्या मात्रेनं पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं जातात. एआय तुम्हाला आकडा बरोबर देईलही, पण गोळीचे नऊ तुकडे करून त्यातला एक कसा द्यायचा ते दाखवणार नाही. कुत्र्याला आधीच मूत्रपिंडाचा त्रास आहे का, किंवा काल कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलंय का, हेही त्याला ठाऊक नाही.

संध्याकाळपर्यंत त्याला जिने चढू देऊ नका, पाणी समोर ठेवा. फोन लागला तर पहिला प्रश्न वजनाचाच येईल. घरच्या काट्यावर आधी तुम्ही एकटे उभे राहा, मग कुत्र्याला दुखऱ्या पायाला धक्का न लावता उचलून पुन्हा उभे राहा, आणि वजाबाकी करून कागदावर लिहून ठेवा. दशांश चिन्ह ठळक काढा.